जेवला का?

१

चक्की चालू असताना रस्त्यावरचं काही ऐकू येत नाही. हे आधी समजून घ्या. पुढचं सगळं त्यावर आहे.

माझी पिठाची चक्की नालवाडीत रस्त्याला लागून आहे. बापानं टाकली, मी चालवतो. मोटार सुरू झाली, पट्टा पळायला लागला आणि दगडात दाणे पडले की त्या खोलीत दुसऱ्या आवाजाला जागा राहत नाही. दळण आणलेली बाई माझ्यासमोर उभी राहून ओरडते, "बारीक दळजा जी नत्थूजी!" तरी मी तिच्या ओठांवरून समजून घेतो. एसटी गेली तर खिडकीचा गज हलतो, म्हणून कळतं. मी चार वर्ग शिकलो आहे, पण माझे कान चांगले आहेत. कान खराब आहेत असं म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन चक्कीत उभं राहावं.

दुपारी मी मोटार बंद करतो. दगड शेवटचा एक फेरा घुरघुरत घेतो आणि थांबतो. मी डबा उघडतो. तेव्हा समोरच्या सायकल दुकानाच्या ओट्यावरून निकेश विचारतो, "जेवला का?"

आमच्याकडे हा रामरामच आहे. कोणी भेटलं की विचारायचं. उत्तराची वाट कोणी पाहत नाही. पण मोठ्या माणसाला "जेवले का जी" म्हणतात. "जेवला का" हे लहानाला, दोस्ताला नाही तर नोकराला. ल ला काना आणि ल ला मात्रा, एवढा फरक मला चार वर्गांत शिकवला होता. निकेश माझ्या मुलाच्या वयाचा. तो मला "जेवला का" म्हणतो.

तो सगळ्यांनाच तसं म्हणतो. पोस्टमनला, बकरीला, स्वतःच्या बापाला. त्याच्याजवळ दुसरा शब्द उरलेला नाही. बाकीचे शब्द माझ्या मुलानं पाडले, असं लोक म्हणतात.

२

शहाण्णवच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी मोटारीची बेअरिंग आणायला वर्ध्याला गेलो होतो. चक्कीवर माझा मुलगा अंकुश होता. मी परत आलो तेव्हा रस्त्यावर गर्दी होती. निकेश हवा भरायच्या पंपाजवळ पडला होता आणि त्याचा बाप बंडूजी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. पोलीस अंकुशला घेऊन गेले होते. माझा मोठा पाना, ज्यानं मी मोटारीचे बोल्ट कसतो, तोही त्यांनी नेला.

अंकुश आणि निकेश लहानपणी एका ताटात जेवलेले. भांडण नाही, जमिनीचा वाद नाही, बाईचं काही नाही. ठाण्यात मी मुलाला विचारलं, "काऊन मारलं?"

"त्यानं मले जेवला का म्हनलं."

"मंग?"

"मुद्दाम म्हनलं, बाबा."

"म्हंजे?"

"म्हंजे बापाच्या चक्कीवर बसून खाते, असं. मले समजते."

मला ते पटलं. आजही पटतं. जग म्हणालं, एवढ्यासाठी कोणी माणसाचं डोकं फोडते का? जगाला काय जाते म्हणायला. शब्द साधेच असतात. त्यातून जे मारायचं ते माणूस मारतोच. ज्याला लागतं त्याला लागतं.

कोर्टात अंकुश म्हणाला, "मी फक्त पाना दाखवला." तिथं काही जण हसले. कोण कोण हसलं ते मी पाहून ठेवलं आहे.

त्याला शिक्षा झाली. निकेश वाचला. डॉक्टर म्हणाले, डोक्याला असा मार लागला की कधी कधी एखादंच वाक्य शिल्लक राहते. त्याच्याजवळ हे राहिलं. अंकुशची बायको मोहिनी आपल्या बापाकडे पवनारला निघून गेली. माझ्या घरात मी आणि माझी बायको रुख्माबाई, दोघंच उरलो. समोर रोज तो.

मी त्याला उत्तर देत नव्हतो. का द्यावं?

३

चालू चक्कीत ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गहू दळत होतो. चक्की पूर्ण जोरात होती. मी पीठ चिमटीत घेऊन पाहत होतो, जाड की बारीक. हे बोटांनी कळतं.

"जेवला का?"

ओरडून नाही. मागं कोणी खांद्याला हात लावण्याइतकं जवळ उभं आहे आणि सहज विचारतं आहे, असा आवाज. मी वळलो. मागं भिंत आणि दळणाचे डबे. समोर रस्त्यापलीकडे निकेश टायर मांडीवर घेऊन बसला होता. त्याचं तोंड बंद होतं. तो माझ्याकडे पाहतही नव्हता.

मी अडाणी आहे, भोळा नाही. मला वाटलं, दगड गुळगुळीत झाले असतील. दगड घासले की नाही नाही ते आवाज काढतात, शिट्टी वाजवतात, कण्हतात. मी चक्की बंद केली, वरचा दगड उचलला आणि दोन्ही दगडांना टाकी लावली. छिन्नीनं एक एक घाव घालून चक्की नवी केली. दुसऱ्या दिवशी ज्वारी टाकली. दगड मस्त वाजत होता, कुठं कुरकुर नव्हती.

"जेवला का?"

त्यातला काना मला स्वच्छ ऐकू आला.

घरी रुख्माबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"कानात आटा गेला असन तुमच्या. तेल टाकून देतो कोमट."

"आटा बोलत नसते."

"मंग काय म्हनते तो आवाज?"

"जेवला का म्हनते."

"एवढंच ना? मंग सांगून द्या त्याले, जेवलो म्हनून!" आणि ती हसली. पदर तोंडाला लावून हसली. चाळीस वर्षं माझं खाऊन ती मला हसली.

त्या रात्री मी ताटावरून उठलो. तिनं दोनदा हाक मारली. मी गेलो नाही.

४

अंकुशच्या सुटकेला थोडेच दिवस राहिले होते तेव्हा हर्षाबाई आल्या. वर्ध्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या आणि जेलात जाऊन कैद्यांशी बोलायच्या. माणूस गुन्हा करतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय चालतं, हा त्यांचा अभ्यास. सोबत टेपरेकॉर्डर होता. मी त्यांना ज्वारीच्या पोत्यावर बसवलं. दुसरी जागा नव्हती.

"अंकुशशी माझं नेहमी बोलणं होतं, काका. त्याच्या डोक्यात बिघाड नाही."

"ते मले माहीत आहे."

"कानही चांगले आहेत. पण ऐकू येणं आणि समजणं, या दोन्हींच्या मधे एक जागा असते. कोणी काही बोललं की आपण त्या जागेत क्षणभर थांबतो. हा का बोलला असेल? सहज? थट्टेनं? की आपल्याला दुखवायला? अंकुश तिथे थांबत नाही. त्याच्या हाताला पहिल्यांदा एकच उत्तर लागतं. मुद्दाम."

"मुद्दाम बोलनारे असतेच जगात."

"असतात ना. पण सगळेच नसतात."

बाईमाणूस होती, शिकलेली होती, म्हणून ऐकून घेतलं. मग तिनं टेप लावला. म्हणाली, जेलात हेच ऐकवते, बाहेरच्यांनाही ऐकवते, तुम्हीही ऐका. टेपवर वेगवेगळी माणसं एक एक वाक्य बोलत होती. ते रागानं बोलले, टोमणा मारला की साधं बोलले, एवढंच सांगायचं.

"आज उशीर झाला तुला."

"टोमणा," मी म्हणालो.

"तिकडे बस."

"राग."

"नवा सदरा वाटते?"

"टोमणा. हे तं लहान पोरगंही सांगन."

बाई मान हलवत होती. तिच्या मान हलवण्यातही काही होतं. मग म्हणाली, तुम्हीही एक वाक्य बोला, मला मोठ्या माणसांचे आवाज पाहिजेत. कोणतंही, रोजचं. मी विचार केला नाही. बाप विचारायचा तसं मी विचारलं, "जेवला का?"

तिनं बटण दाबलं, फिरवलं, पुन्हा दाबलं. अंकुशच्या केसमुळे तिनं ते वाक्य आधीही भरून ठेवलं असावं, कारण आता टेपवरून तेच तीन वेळा आलं. पहिली हर्षाबाई स्वतः. दुसरा कोणी तरुण. तिसरा आवाज आला आणि माझ्या हातातलं पीठ खाली पडलं. हाच तो. चालू चक्कीत माझ्या मागं येतो तो.

"हा मानूस खराब आहे," मी म्हणालो. "हा विचारून नाई राह्यला. हा हिशेब मागून राह्यला. कोन आहे हा?"

बाईनं टेप बंद केला.

"काका, हे तुम्ही आहात. आत्ता बोललात ना, तेच."

मला हसायला घरी बायको आहे, असं मी तिला सांगितलं. आणखीही बोललो. ती उठली. पातळाला लागलेलं पीठही तिनं झटकलं नाही. दारातून म्हणाली, "अंकुशला सुटल्यावर चक्कीवर बसवू नका. पवनारला राहू द्या, सासऱ्यांच्या शेतावर. तो खूप शिकला आहे, पण इथे नको."

"चक्की त्याची आहे," मी म्हणालो. "तो इथंच बसन."

५

स्वतःचा आवाज कोणालाच नीट माहीत नसतो, असं मी मनाशी म्हणालो. टेपवाले काहीही करतात. बाईनं मुद्दाम काही केलं असेल.

त्याच आठवड्यात बंडूजी निकेशला तपासायला नागपूरला घेऊन गेले. सायकल दुकानाला कुलूप होतं. ओटा रिकामा. उन्हाची वेळ, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. मी ज्वारीचं मोठं दळण लावलं होतं. मला बरं वाटत होतं. आज कोणी विचारणार नाही.

"जेवला..."

आणि लाईन गेली.

लोडशेडिंगचे दिवस होते, लाईन कधीही जायची. मोटार बसली. पट्टा लटपटत थांबला. दगड घुरघुरला आणि गप्प झाला. मी तसाच उभा राहिलो. समोर कुलूप उन्हात चमकत होतं. खिडकीचा गज गरम झाला होता. कानात नुसतं सूं होतं, जसं चक्की थांबल्यावर होतं. म्हणजे अर्धं ऐकलं ते दगडाचंच होतं. दगड थांबला, आवाज तुटला. मला हे पटत होतं. मी घाम पुसला.

"...का?"

खोली इतकी शांत होती की तो कुठून आला हे कोणी आंधळाही सांगेल. चक्कीच्या वर दाणे ओतायचं पत्र्याचं चौकोनी तोंड असतं. तिथून.

मी जवळ गेलो. भीती वाटली नाही. राग आला. माझ्या घरात, माझ्या चक्कीत मला कोण विचारतं? मी टाचा उंचावून आत पाहिलं. अर्धं तोंड ज्वारीनं भरलेलं होतं. चक्की चालू असली की दगड दाणे ओढतो आणि मधोमध एक खळगा पडतो. चक्की बंद होती. दगड बंद होता. मी पट्ट्याला हात लावून पाहिला, तो ढिला लटकत होता.

खळगा पडत होता. हळूहळू, कडेचे दाणे एक एक घरंगळत मधे जात होते. कोणी सावकाश, चावून चावून जेवत असावं तसे.

मी त्यावर घमेलं उपडं टाकलं आणि बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिलो. लाईन येईपर्यंत उन्हात उभा राहिलो. आत गेलो नाही ते उकाडा होता म्हणून.

६

अंकुश आला. मी त्याला न्यायला गेलो होतो. तो माझ्या पाया पडला आणि घरी येण्याआधी रस्ता ओलांडून निकेशच्या ओट्यावर गेला. सगळी नालवाडी पाहत होती.

निकेश त्याच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "जेवला का?"

"नाई जेवलो, भाऊ," अंकुश म्हणाला. "तू जेवला?"

आणि खाली बसला. बंडूजी आतून आले. मला वाटलं, आता पायातली काढतील. त्यांनी मुलाकडे पाहिलं, माझ्या मुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसलाच आहे तं ते पंक्चर पाहून दे. माह्या डोयाले दिसत नाई." ते आत चहा ठेवायला गेले.

लोक म्हणाले, नत्थूजीचा पोरगा सुधरला. मला ते पाहवत नव्हतं. माझा मुलगा दुसऱ्याच्या ओट्यावर पंक्चर काढत होता. कोणी टोचून बोललं तर तो लगेच उत्तर देत नसे. डोळे मिटायचा आणि स्वतःशी पुटपुटायचा, "दुसरं काही कारण असू शकते का?" हर्षाबाईनं शिकवलेलं. मी एकदा म्हणालो, "जप करून राह्यला का बे?" तो हसला. त्याचं हसणं मला कळलं नाही.

त्याचं वागणं पाहून मोहिनी परत आली. तिचे वडील महादेवराव स्वतः सोडायला आले. ओसरीवर बसून त्यांनी माझ्यासमोर अंकुशला सांगितलं, "पाहा जावईबुवा, पोरगी तुमच्या भरोशावर सोडून राह्यलो. या घरात पुन्हा एकदा जरी हात उठला ना, तं नेईन. मंग परत येनार नाई ती."

"नाई उठनार, मामाजी."

रुख्माबाईनं त्या दिवशी पुरण टाकलं. सुनेच्या केसांवरून हात फिरवत ती म्हणाली, "घरात बांगड्या वाजल्या माय." मला बोलता येत नाही, पण मलाही तेच वाटलं होतं. माझं घर पुन्हा घर झालं होतं. ते टिकलं पाहिजे होतं. हे मी तेव्हाही जाणत होतो, म्हणून लिहितो.

एक दिवस आम्ही दोघं दगडाला टाकी लावत होतो. समोरासमोर बसून. मी विचारलं, "निकेशले मारलं त्या दिवशी चक्की बंद होती ना?"

अंकुशची छिन्नी चालत राहिली. "चालू होती."

"मंग निकेशचं ऐकू कसं आलं तुले?"

"निकेशचं नाई आलं. तो रस्त्यावर उभा होता. त्याचे ओठ हालले. पंप मागून राह्यला असन, काई पन. आवाज मागून आला. इथून." त्यानं छिन्नीनं दगडाकडे दाखवलं. "मी समोर पाह्यलं तं त्याचं तोंड उघडं. मले वाटलं तोच म्हनला."

"कोनाचा होता आवाज?"

"तुमचा, बाबा."

"मी वर्ध्याले होतो."

"माहीत आहे मले."

बाहेरून निकेशचा आवाज आला. कोणी बाई चालली होती, तिला तो विचारत होता.

"हर्षाबाईले सांगितलं हे?"

"सांगितलं. त्या म्हनल्या, रोज ऐकलेलं डोक्यात राहून जाते. मंग ते कुठूनही ऐकू येते." मग तो म्हणाला, "तुम्ही रोज म्हनत होते ना. दुपारी मी आलो की. जेवला का."

"बापानं विचारू नाई का? पोरगं जेवलं का हे बाप नाई विचारन तं कोन विचारन?"

"विचारावं," अंकुश म्हणाला.

एवढंच म्हणाला आणि पुन्हा घाव घालायला लागला. मी त्याच्यावर ओरडणार होतो. पण मला दुसरंच आठवलं.

"निकेश ते बोललाच नव्हता तं त्याच्यापाशी तेच कसं राह्यलं?"

छिन्नी थांबली. त्यानं मान वर केली नाही. आम्ही दोघं त्या उघड्या दगडाकडे पाहत बसलो. मग त्यानं फुंकर मारून चुरा उडवला आणि म्हणाला, "चाला बाबा, झाकून टाकू."

७

पुढं एक दिवस रुख्माबाईला ताप होता. डबा अंकुश देऊन गेला आणि समोर ओट्यावर जाऊन बसला. मी जेवलो. चक्की पुन्हा सुरू केली. मोटारीचा एक बोल्ट हलत होता, तो कसला. पोलिसांनी नेलेला पाना परत आला नव्हता, नवा घेतला होता. तो हातातच होता. दुसऱ्या हातानं मी पीठ पाहत होतो.

"जेवला का?"

या वेळी पत्र्याच्या तोंडातून नाही. मागून. खरंच मागून. मानेवर श्वास लागला.

किती वर्षं मी गप्प बसलो होतो, ते तुम्ही पाहिलं आहे. बायको हसली, बाई शिकवून गेली, मुलगा ओट्यावर बसला, मी गप्प. माणसानं किती ऐकावं?

मी वळलो. पीठ उडत होतं. त्यात एक चेहरा होता. पांढरा, भुवया पांढऱ्या, ओठांवर पीठ. माझ्या उंचीचा. तो हसत नव्हता. तो उत्तराची वाट पाहत होता. आणि मला आतून माहीत होतं की कोणतंही उत्तर दिलं तरी त्याला ते पुरणार नाही.

पुढं मला आवाज आठवतो. पत्र्याचा. चालू चक्कीतही तो ऐकू आला.

मग चक्की थांबत होती. अंकुश स्टार्टरपाशी होता. तो कधी आला ते कळलं नाही. पत्र्याचं तोंड एका बाजूनं आत गेलं होतं आणि त्यातून गहू सांडत होता. त्याच्या बाजूला भिंतीला पाठ लावून मोहिनी उभी होती. तिचे दोन्ही हात कानांवर होते. पोचा तिच्या कानाच्या उंचीवर होता, वीतभर बाजूला. रिकामा डबा तिच्या पायाशी पडला होता. तो न्यायला ती आली होती.

अंकुश माझ्याजवळ आला. त्यानं माझी बोटं एक एक करून उघडली आणि पाना काढून घेतला. त्याचे हात थंड होते.

"बाबा," तो हळू म्हणाला, "दुसरं काही कारण असू शकते का?"

"तिनं मले जेवला का म्हनलं."

त्यानं मोहिनीकडे पाहिलं. "तू काय म्हनली?"

"काईच नाई," ती म्हणाली. दात वाजत होते तिचे. "मी तं आत्ताच आली. चक्की बंद झाली की विचारनार होती. जेवले का मामाजी, असं."

"मुद्दाम म्हनलं तिनं," मी म्हणालो. "जेवला म्हनलं. काना होता. मी ऐकला."

गहू सांडायचा आवाज येत होता. मग मीच म्हणालो, "मी फक्त पाना दाखवला."

माझ्या मुलानं डोळे मिटले. या वेळी तो काही पुटपुटला नाही.

रस्त्यापलीकडे निकेश ओट्यावर उभा राहिला होता. त्यानं दोन्ही हात डोक्यावर घट्ट धरले होते.

८

महादेवराव आले आणि मुलीला घेऊन गेले. भांडले नाहीत. मला रामरामही केला नाही. अंकुश सोबत गेला. आता तो पवनारला शेत पाहतो. कधीमधी येतो तो आईला भेटायला, चक्कीकडे येत नाही. रुख्माबाई माझं ताट वाढते आणि आतल्या खोलीत जाऊन बसते. ती हसत नाही. विचारतही नाही.

पत्र्याचं तोंड मी ठोकून सरळ केलं. पोचा पूर्ण गेला नाही. दळणाला बाया येतात, पण डबा ठेवून बाहेर उभ्या राहतात. चक्की बंद झाल्याशिवाय कोणी आत येत नाही.

दुपारी मी मोटार बंद करतो. दगड शेवटचा फेरा घेतो. मी डबा उघडतो आणि समोर पाहतो. निकेश ओट्यावर असतो. पोस्टमन गेला, त्याला विचारतो. पोरं शाळेतून आली, त्यांना विचारतो. रस्त्यानं बकरी गेली, तिलाही विचारतो. मग त्याची नजर माझ्यावर येते. तो माझ्याकडे पाहतो. तोंड मिटून घेतो.

मला तो विचारत नाही. त्या दिवसापासून एकदाही नाही.

बंडूजी म्हणतात, भितो तो तुम्हाला. मला शिकवू नका. ज्याला दुसरा शब्द येत नाही, तो असलेला शब्द आवरतो कसा? मुद्दाम आवरतो.

मी डबा झाकतो. घास उतरत नाही. दळण संपलेलं असतं, तोंड रिकामं असतं. दगड रिकामे चालवू नयेत, हे चक्कीवाल्याच्या पोराला चालता येण्याआधी शिकवतात. दाणा नसला की दगड एकमेकांना खातात. मला बापानं शिकवलं, मी अंकुशला शिकवलं.

तरी मी उठतो आणि मोटार सुरू करतो. दाराकडे पाठ करून उभा राहतो. कोणीतरी विचारलंच पाहिजे.